एकविसावं पान

गुरुजी, त्या गुरुवारी मी तुमच्या टेबलासमोरून उठलो आणि हातपंपापर्यंत मुद्दाम हळू चाललो. तुम्ही हाक माराल म्हणून.

आयुष्यभर मी असाच सौदा केला. जुनी घरं पाडतात तिथली सागवानी दारं, चौकटी, छपराचे कवेलू उचलायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. घरमालक अडून बसला की मी म्हणतो, "ठेवा मग जी तुमच्यापाशी, दाराची पूजा करा," आणि उठतो. पाठ फिरवायची, पण पाय जड टाकायचे. दहा पावलं, फार तर वीस. मागून हाक येतेच. "ओ भाऊ, या ना जी वापस, चहा तं घ्या." मागं मात्र वळून पाहायचं नाही. पाहिलं की सौदा गेला.

हातपंपाशी थांबलो. तहान नव्हती तरी पाणी प्यालो, तोंड धुतलं, धुतलेलं पुन्हा धुतलं. वाचनालयाचं दार माझ्या पाठीशी उघडं होतं. तुम्ही हाक मारली नाही. मी घरी गेलो आणि तीन आठवडे तिकडं फिरकलो नाही. म्हटलं, गरज त्यांनाही आहे, बोलावतील. चौथ्या आठवड्यात मी इटियाडोह धरणाच्या बाजूला एका गावात चौकट उतरवत होतो, तेव्हा तुमच्या मुलीचा, मंदाताईचा फोन आला. "टेकचंदभाऊ, बाबा गेले."

मला रडू आलं नाही. राग आला. हा कसला सौदा, गुरुजी? उठून मी आलो होतो. निघून जायचं असेल तर ते मी जायचं होतं.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. किती वर्षं शिकवलं, कोणते विद्यार्थी कुठं पोचले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं. मी तुमच्याकडं चार वर्षं एकच गोष्ट मागत होतो. एका पुस्तकाचा शेवट. तो न सांगता तुम्ही गेलात. आता मी तो कोणाला विचारू?

*

आधी जुनं काढतो. तुम्ही म्हणायचे, "टेकचंद, तू दर येळेस तेच काऊन उगारत राहतोस?" उगाळणारच. मी सातवीत होतो. वाचनालयात तुमचा एक नियम होता. पुस्तक परत करायला आलेल्यानं टेबलासमोर उभं राहायचं. तुम्ही विचारायचे, "पूर्ण वाचलं?" तो हो म्हणाला की, "मंग सांग." त्यात काय होतं ते सांगितल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. मोठ्या माणसांनाही तोच नियम. गावात म्हणायचे, या मास्तरकडून पुस्तक नेणं म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणं. म्हणून फारसं कोणी नेतच नसे.

मी नेलं. आणि परत आणलं नाही. तुम्ही वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "टेकचंद, पुस्तक?"

"हरवलं, गुरुजी."

"कुठं?"

"माहीत नाही."

"पूर्ण वाचलं होतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तुम्ही वाचनालयाची वही उघडली, माझ्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणालात, "ज्याले पुस्तक सांभारता येत नाही, त्याले वाचता कसं येईल? याले पुढं पुस्तक भेटनार नाही."

एका पुस्तकापायी तुम्ही माझ्यावर साऱ्या कपाटाची दारं बंद केली. हे मी तुम्हाला तुमच्या तोंडावर म्हटलं आहे, आताही म्हणतो. बारा वर्षांचं पोर होतं ते. दोन थापडा मारून दुसरं पुस्तक दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पुस्तकं वाचणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे, असं त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं. शाळा सुटली. मी घरं पाडायला लागलो. माझं माझं सगळं उभं केलं, कोणाचा हात धरला नाही. छापलेलं म्हणाल तर पेपर वाचला, तोही भाव पाहायला.

आणि ज्या घरांची मी दारं काढली, त्या घरांच्या माळ्यांवरून पुस्तकं निघायची. ट्रंकेतून, पोत्यातून, जुन्या पाळण्यातून. घरमालक म्हणायचा, "तेही नेऊन टाका." आम्ही तीन विटा मांडायचो आणि त्या पुस्तकांवर चहा उकळायचो. जुना कागद छान पेटतो. तीस वर्षं, गुरुजी. हल्ली ते आठवलं की चहाच्या घोटाला धुराची चव येते.

*

चार वर्षांपूर्वी तिरोड्याकडं एका छपरावरून मी पडलो. पाय मोडला. तीन महिने खाटेवर. अंगणात काढून आणलेली दोन नक्षीची दारं उभी होती. टेम्पोत एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे मी कागदाचा एक गठ्ठा खुपसला होता. तो तसाच राहिला होता. ती दारं कोणाच्या घरची होती तेही सांगतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तिथं चादर पसरून बांगड्या-खेळणी विकायला बसायचा, त्या म्हाताऱ्याच्या घरची. तो कधीच गेला होता. त्याच्या सुनेनं माळा दाखवला आणि म्हणाली, "सारं तुमचं."

बायको तो गठ्ठा चुलीत घालायला निघाली होती. पाहिलं तर पुस्तक. कव्हर नाही, पुढची पानं नाहीत, कडा उंदरांनी खाल्लेल्या. म्हटलं, आण इकडं.

"आता या वयात कायले वाचता जी? डोरे खराब होतील ना."

"पाय तं खराब झालाच आहे. डोरेही होऊ दे."

पहिल्या दिवशी तीन पानं झाली. बोट ठेवून, ओठ हलवत. जुनी भाषा, अक्षरांच्या डोक्यावर जागोजागी टिंबं. चौथ्या दिवशी जेवायचं ताट बाजूला राहिलं. एका नावाड्याची गोष्ट होती. नदीवर त्याचा डोंगा. त्याच्या बापानं मरताना त्याला एक शब्द मागितला होता. पलीकडून जो कोणी हाक मारील त्याला आणायचं, जात पाहायची नाही, वेळ पाहायची नाही, वैर पाहायचं नाही. पुढं याचा सख्खा भाऊ याला बुडवतो, घर घेतो, गावातून उठवतो. वर्षं जातात. मग एका पुराच्या दिवशी पलीकडच्या काठावरून हाक येते. आवाज भावाचा. नावाडी खोपटातून बाहेर येतो, पाण्याकडं पाहतो, खुंट्याचा दोर सोडतो आणि

आणि बस. ‘आणि’च्या पुढं पानच नाही. शिवणीतून उपटलेलं. मी ओरडलो. बायको धावत आली. तिला वाटलं पाय गेला.

पंचावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते मला मिळालेलं नाही.

*

कुबडी घेऊन मी वाचनालयाची पायरी चढलो तेव्हा तुम्ही एकटेच पेपरांच्या घड्या करत बसला होता. केस पांढरे, टेबल तेच. मी पुस्तक पुढं टाकलं. तुम्ही ते उचललं, सरळ आतलं एक पान उघडलं आणि खिडकीजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिलात. मला वाटलं मोतीबिंदू.

"कुठं भेटलं?"

"एका माळ्यावर."

"वाचलंस?"

"वाचलं. शेवट नाही त्याला. तुम्हाला माहीत आहे?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. कुबडीकडं पाहिलंत. मग म्हणालात, "आहे."

"मग सांगा."

"पुस्तक इथं ठेव. मंग सांगतो."

"आधी सांगा. मग ठेवतो."

तिथं आपलं अडलं. पुस्तकाचं नावसुद्धा तुम्ही सांगेनात. "नाव सांगितलं तं दुसरीकडं शोधशील," म्हणालात. मी पुस्तक काखेत मारलं आणि उठलो. त्या दिवशी मात्र तुम्ही हाक मारली होती. मी पायरीपर्यंत पोचलो असेन.

"ओ टेकचंद. तवरी हे ने."

खालच्या फळीवरून काढलेलं एक पुस्तक होतं. धूळ झटकली तर तुम्हालाच खोकला आला.

"माझं नाव तं खोडलं आहे जी तुम्ही."

"खोडलेलं आहे. तरी ने."

असा मी दर गुरुवारी येऊ लागलो. खालच्या फळीची पुस्तकं. वरची लोक नेतात, खालची कोणी नेत नाही, म्हणून तीच तुम्ही मला दिली. आधी मला वाटलं, टाकाऊ माल गळ्यात बांधताहेत. विहीर कशी खोदावी यावर एक जाड पुस्तक होतं. लिहिणारा स्वतः विहिरी खोदत हिंडलेला. पाणी लागल्याचं वर्णन त्यानं तीन ओळींत केलं होतं, आणि पाणी न लागलेल्या एका विहिरीचं तेरा पानं. ती तेरा पानं मी दोनदा वाचली. बैलांच्या दुखण्यांवर एक होतं. त्यात औषध कमी आणि म्हाताऱ्या बैलाशी कसं बोलावं तेच जास्त. एका मास्तरीण बाईनं आपल्या नोकरीच्या गावांबद्दल लिहिलेलं होतं. राहायला खोली मिळाली नाही हे ती प्रत्येक गावी त्याच शांतपणे सांगायची, आणि मला तिच्या वतीनं राग यायचा. एका नाटकाच्या पुस्तकात पात्रांच्या नावापुढं पेन्सिलीनं गावातल्या माणसांची नावं होती. राजा म्हणून आमच्या शेजारच्या गिरणीवाल्याचा आजोबा.

पुस्तकाच्या मागं चिकटवलेल्या चिठ्ठीवर ते कधी कोणी नेलं ते लिहिलेलं असायचं. कितीतरी चिठ्ठ्यांवर शेवटचं नेणारा कधीच वारलेला. त्याच्यानंतर मी. मधल्या काळात पुस्तक तसंच उभं. एकात मोरपीस, एकात लग्नाच्या बाजाराची यादी, एकात कोणाचा तरी चष्म्याचा नंबर. मी तुम्हाला सांगायचो, "गुरुजी, नवं लाकूड पॉलिशनं चमकते. जुन्याला टिचकी मारली की आवाज येते."

"पुस्तकाले लाकूड म्हनू नको. उद्या चौकट करून विकशील."

टेबलासमोर मी उभा राहायचो. "पूर्ण वाचलं?" "वाचलं." "मंग सांग." केस पिकलेला माणूस हात मागं बांधून गोष्ट सांगतो आहे. बाहेरून जाणारे हसायचे. हसू द्या. तुम्ही डोळे मिटून ऐकायचे. मी एखादं प्रकरण गाळलं की डोळे उघडायचे, "हे तर मधेच उडवलंस."

पण त्यातूनच भांडण पेटायचं. एकदा मी म्हटलं, "हे सारं मले विसाव्या वर्षी भेटलं असतं तं?"

"विसाव्या वर्षी तुले हे कंटाळवाणं वाटलं असतं."

"वाटलं असतं तं वाटलं असतं! कंटाळा यायचा हक्क तं होता ना मले? तुम्ही तोही खोडला."

तुम्ही पेनाचं टोपण काढलंत. मग चिठ्ठीवर तारीख लिहिलीत आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलंत. ते उत्तर होतं का? मला तेव्हा उत्तर वाटलं नव्हतं. मला शब्द हवे होते, गुरुजी. "चुकलं माझं, टेकचंद." एवढंच. तुमच्या जिभेला तीन शब्द जड नव्हते.

त्यानंतर माझ्या माणसांना मी ताकीद दिली की माळ्यावरचा एक कागद जाळायचा नाही. पोत्यानं पुस्तकं तुमच्या दारात आणून टाकली. तुम्ही पोत्याचं तोंड उघडायचे, प्रत्येक पुस्तक घ्यायचे, तेच आतलं कुठलं तरी पान उघडून पाहायचे आणि मग मांडायचे. मी कधी विचारलं नाही. धंद्यात दुसऱ्याची सवय विचारायची नसते, पाहून ठेवायची असते. आणि नेमकं तेच मी नीट पाहिलं नाही.

नावाड्यावरून तर आपलं दर महिन्याला जुंपायचं. मी म्हणायचो, तो जाणार नाही. दोर सोडील, मग तसाच उभा राहील, भावाला हाका मारू देईल. घसा फुटेपर्यंत. तुम्ही म्हणायचे, तो जाईल.

"कायले जाईल जी? त्या भावानं त्याचं घर खाल्लं."

"हाक आली म्हनून जाईल."

"पुस्तकात तसं आहे का? खरं सांगा."

"पुस्तक ठेव, सांगतो."

*

आता शेवटच्या गुरुवारचं. तुमचा खोकला वाढला होता. टेबलावर दोन्ही हात टेकून तुम्ही बसला होता आणि नेहमीसारखं ‘ठेव’ न म्हणता म्हणालात, "टेकचंद, आता ते पुस्तक परत कर."

परत. त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं.

"परत कायचं? कोणाचं घेतलं होतं मी? माळ्यावरून आणलेला माल आहे माझा."

"बस खाली."

"नाही बसत. चार वर्षं मले झुलवून राहिले तुम्ही. तुम्हालाच शेवट माहीत नाही. माहीत असता तं सांगितला असता. खोटं बोलून राहिले."

हे मी मनातून बोललो नव्हतो. समोरच्याला टोचायला काहीही बोलतात तसं बोललो. पण तुमचा चेहरा पडला. असा पडला की माझ्या डोक्यात तेव्हा अक्कल असती तर मी तिथंच बसलो असतो. तुम्ही म्हणालात, "ठेव मंग तुझ्याचपाशी."

"ठेवतोच."

आणि मी हातपंपापर्यंत हळू चाललो.

*

तेरवीनंतर मंदाताईनं मला एक पत्र्याची पेटी दिली. "हे तुमचंच दिसते, भाऊ. जागोजागी तुमचं नाव आहे."

वरती पोस्टकार्डं. नागपूर, अमरावती, वर्धा, रायपूर, कुठकुठल्या वाचनालयांची उत्तरं. पहिल्यांदा मला त्या पुस्तकाचं नाव त्यांच्यावर वाचायला मिळालं. साधंच नाव होतं. इथं लिहीत नाही. तुम्ही मला चार वर्षं सांगितलं नाही, मी इतरांना काय म्हणून सांगू? प्रत्येक कार्डावर तेच: ही प्रत आमच्या संग्रही नाही, त्यामुळं आपण मागितलेली शेवटची सोळा पानं उतरवून पाठवणं शक्य नाही.

शेवटची सोळा पानं. म्हणजे तुमच्याकडंही नव्हती. तुम्हाला शेवट माहीत नव्हता, गुरुजी. मी रागात फेकलेली गोष्ट खरी निघाली. तीस वर्षं मी पाठ फिरवूनही लोकांना ओळखतो म्हणून मिरवलो, आणि तुम्ही माल नसताना चार वर्षं माझ्याशी सौदा केलात. मी दर गुरुवारी यावं म्हणून. पेटी मांडीवर घेऊन मी हसलो, आणि हसता हसता माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की मंदाताई पाणी आणायला धावली.

पाणी देता देता ती सहज बोलली, "बाबांची एक गंमत होती. वाचनालयाचा एक शिक्का पहिल्या पानावर मारायचे आणि एक एकविसाव्यावर. म्हनायचे, पहिलं पान चोर फाडते, एकविसाव्याचं त्याले मालूम नसते."

मी घरी कसा पोचलो ते मला आठवत नाही. ते पुस्तक काढलं. एकवीस. चार वर्षं ते पान मी उलटत होतो आणि तिथला जांभळा डाग मला ओलीचा वाटत होता. सुतार चौकटीच्या सांध्याच्या आत आपली खूण करून ठेवतो. ती मी अंधारातही बोटानं शोधून काढतो. ही मला दिसली नाही. उजेडात धरलं. अर्धा गोल, आपल्या गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं.

तेव्हा सगळं आठवलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आठवत होतंच. फक्त ते हेच पुस्तक, हे ठाऊक नव्हतं. कारण मी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

सातवीत तुम्ही ते मला फळीवरून दिलं नव्हतं. स्वतःच्या पिशवीतून काढून दिलं होतं, खूण घातलेलं. "माझं अर्धं राहिलं आहे. तू मोठ्यानं छान वाचतोस म्हनून आधी तुले देतो. लवकर आन, मंग मी पुढचं वाचतो." असं कोणी माझ्याशी त्याआधी बोललं नव्हतं. चार दिवसांनी मंडई भरली. ज्याच्या माळ्यावरून पुढं ते निघालं त्याच माणसानं चादरीवर पुठ्ठ्याचे चष्मे मांडले होते, लाल कागदाची काच लावलेले. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. पिशवीत पुस्तक होतं. त्यानं ते हातावर तोलून पाहिलं आणि चष्मा दिला. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं मागची पानं उपटली आणि एका बाईच्या बांगड्या त्यात बांधल्या. मी चष्मा लावला. सारी मंडई लाल. पाळणे लाल, जिलबी लाल, माझा बाप लाल. दोन दिवसांत तो कागद फाटला.

म्हणजे तुमची अर्धी गोष्ट मी विकली. आणि तुम्ही वर्गात, "माझं अर्धं राहिलं होतं," हे म्हणाला नाहीत. नुसती रेघ मारली. मी त्या रेघेचा राग इतकी वर्षं जपला, पॉलिश करून करून जपला, आणि तुमचा राग तर माझ्या आधीचा होता. त्यातही चार वर्षांपूर्वी मी ते पुस्तक तुमच्या टेबलावर टाकून विचारतो, शेवट माहीत आहे का! तुम्ही कुबडी हिसकावून माझ्या डोक्यात का घातली नाही?

त्या दिवसापासून मला चैन नाही. आता नाव ठाऊक आहे. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन आलो. रद्दीवाल्यांना फोन केले. दरेकशापासून इटियाडोहपर्यंत घरं पाडणाऱ्या प्रत्येकाला निरोप दिला, काय मागायचं ते मागा, मी घासाघीस करणार नाही. ते हसले. त्यांना वाटलं, ही टेकचंदची नवी चाल आहे. कोणाकडंच नाही. आणि खरी भीती ही आहे, गुरुजी, की कुठल्या तरी माळ्यावर ती दुसरी प्रत होती आणि तीन विटांच्या मधे ती मीच लावली. मी चहा प्यालो आणि कप विसळला.

पेटीच्या तळाशी तुमची वही होती. तुम्ही शेवट लिहून पाहत होता. मला सांगण्यासाठी. पहिल्यात नावाडी पलीकडं जातो आणि भावाला घेऊन येतो. खाली लिहिलं आहे, "टेकचंदला पटणार नाही." दुसऱ्यात डोंगा मधेच उलटतो. खाली तेच, "टेकचंदला पटणार नाही." तिसऱ्यात तो पलीकडं पोचतो तेव्हा काठावर कोणी नसतं. ते तिथंच सोडलेलं आहे. खाली काही लिहिलेलं नाही.

त्या वहीत मी दुसरंही काही शोधलं. ते तीन शब्द. पान पान पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. नाहीत. तुम्ही ते लिहिले नाहीत. मग मी वाचनालयाची जुनी वही मंदाताईकडून मागून घेतली. माझ्या नावावरची रेघ तशीच आहे. सरळ, पट्टी न लावता मारलेली. माझा राग गेलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. फक्त आता तो ठेवायला जागा नाही.

*

काल गुरुवार होता. मंदाताईनं माझ्यासाठी वाचनालय उघडलं. दुपारची वेळ. ती बाकावर बसून पेपरांच्या तारखा लावत होती. तुमची खुर्ची टेबलाला आत सरकवलेली. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, हात मागं बांधले आणि उभा राहिलो. तुम्ही आधी विचारता, मग आम्ही बोलतो, असा नियम आहे. मी बराच वेळ उभा होतो. बाहेर कोणीतरी पंप हापसत होतं. मंदाताईनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

कोणी विचारलं नाही. म्हणून मीच बोललो.

"नाही, गुरुजी. उघडलंही नव्हतं. मंडईत चष्म्यासाठी दिलं."

"मले म्हनता का, भाऊ?" मंदाताईनं विचारलं.

"नाही जी."

पुस्तक तिथंच ठेवून मी निघालो. पायरी उतरलो. हातपंपापर्यंत हळू चाललो, चपला ओढत. तिथं थांबलो. आणि सौदा गेला तर गेला म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, मागं वळून पाहिलं.